कोल्हा व तत्सम इतर प्राणी

एप्रिलमधल्या एका सोमवारी सकाळी हॅझलडीन बोल्स क्लबच्या हिरवळीवर एक खड्डा आढळून आला. खड्डा सूपच्या वाडग्याएवढा होता. तो क्लबचे सचिव क्लेमंट ऑटवे यांना आढळला, आणि आढळताक्षणी ते हिरवळीवर मटकन खाली बसले. हिरवळीवर बसण्यास सभासदांना सक्त मनाई आहे आणि त्या मनाईची पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली आहे, हे लक्षात घेता त्यांना बसलेल्या धक्क्याची कल्पना यावी.

आमचा खेळ साधा आहे. हिरवळीच्या एका टोकाला एक छोटा पांढरा गोळा ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाहून जड काळे गोळे घरंगळत सोडून त्याच्या जवळात जवळ न्यायचे. दुपारभर हे करायचं आणि मग चहा घ्यायचा. खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांचे गुडघे बदललेले आहेत, अनेकांचे जोडीदार गेलेले आहेत, मुलं दूरच्या शहरांत आहेत. हा खेळ गेला तर दुपारी करायचं काय, हा प्रश्न क्लबात कोणी मोठ्यानं विचारत नाही.

त्याच संध्याकाळी तातडीची सभा भरली. अध्यक्षस्थानी हम्फ्री ट्विस्क होते. ते कानातलं यंत्र बॅटरी वाचवण्यासाठी बंद ठेवतात आणि बोलणं थांबलेलं दिसलं की "मग मंजूर समजायचं ना?" असं विचारतात. या पद्धतीनं क्लबाचा कारभार अनेक वर्षं सुरळीत चाललेला आहे.

"कोल्हा आहे तो," विल्फ्रेड गास्किन म्हणाला. विल्फ्रेडचं पूर्वी बाजारपेठेत मटणाचं दुकान होतं. बायको आयव्ही गेल्यापासून तो रोज क्लबात यायचा. खेळ नसेल त्या दिवशी बाकं पुसायचा. "परवा कुंपणाखालून जाताना दिसला मला. मला बघून थांबला, मग गेला. देखणा आहे हं!"

"त्याचं रूप विषयपत्रिकेवर नाही, विल्फ," क्लेमंट म्हणाले. ते निवृत्तिवेतन कार्यालयातून निवृत्त झाले होते आणि विषयपत्रिकेवर नसलेली गोष्ट त्यांना दिसत नसे.

कोल्ह्याला मारावं असं कोणाचंही म्हणणं नव्हतं. आम्ही सगळे निसर्गप्रेमी आहोत. बऱ्याच जणांच्या घरी कोल्ह्याच्या चित्राचे कप आहेत. तो आपण होऊन मेला तर क्लबाची हरकत नसावी, एवढंच बहुमत होतं. मग नगरपालिकेला विचारावं असं ठरलं. दुसऱ्या दिवशी क्लेमंटनी सर्वांना ऐकू जाईल अशा बेतानं फोन लावला.

"खड्डा कोल्ह्यानं खणलाय की बॅजरनं?" पलीकडच्या बाईंनी विचारलं. बॅजर म्हणजे आमच्याकडचा बिळं खणणारा, पट्टेरी तोंडाचा प्राणी.

"काय फरक पडतो?"

"वा! बॅजर असेल तर त्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्याच्या बिळाच्या वाटेला जायचं नाही. कोल्ह्याला संरक्षण नाही, म्हणून आमच्याकडे कोल्ह्याचं खातंच नाही."

"मग कोल्ह्यासाठी कोणाकडे जायचं?"

"ते बॅजर खात्याला कसं माहीत असणार?"

"आणि समजा, दोघांनी मिळून खणला असेल तर?"

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "असं करू या," बाई म्हणाल्या, "तुम्ही फोन केलाच नव्हता असं समजू या."

तेव्हा क्लबानं स्वतःच्या पायावर उभं राहायचं ठरवलं आणि 'कोल्हा व तत्सम इतर प्राणी प्रतिबंधक उपसमिती' स्थापन केली. महिला संघाच्या कप्तान डोरोथिया प्लमली यांनी विचारलं, "इतर प्राणी म्हणजे कोण?"

"हिरवळीचं नुकसान करील तो," क्लेमंट म्हणाले. "एकेकाचं नाव घालत बसलो तर ससा आला की नवी उपसमिती, खार आली की नवी उपसमिती. त्यापेक्षा व्याख्या ऐसपैस ठेवलेली बरी."

"मग मंजूर समजायचं ना?" अध्यक्ष म्हणाले.

उपसमितीनं एका सल्लागाराला पाचारण केलं. त्याचं नाव ट्रिस्टन होतं, आणि तो वन्यजीवांशी सामंजस्य या विषयातला तज्ज्ञ होता. त्याचं मानधन ऐकल्यावर त्याच्या ज्ञानाविषयी कोणालाही शंका उरली नाही. त्यानं हिरवळीला प्रदक्षिणा घातली, खड्ड्यात बोट घालून एक पांढरी अळी बाहेर काढली आणि आमच्याकडे अभिमानानं पाहिलं.

"कोल्हा यासाठी येतो. तुम्ही हिरवळीला इतकं खत घालता, इतकं पाणी देता, की खाली अळ्यांची चंगळ आहे. तुमच्या मेहनतीचं हे फळ."

या कौतुकानं क्लेमंट सुखावले. "पण उपाय काय?"

"कोल्ह्याला पाटी वाचता येत नाही. कुंपण तो जुमानत नाही. त्याला कळतो तो वास. हा इलाखा दुसऱ्या नराचा आहे हे त्याच्या नाकाला पटायला हवं. त्यावर सर्वांत स्वस्त आणि नैसर्गिक उपाय म्हणजे प्रौढ पुरुषाची लघवी. हिरवळीच्या कडेकडेनं. शक्यतो सकाळची पहिली."

सगळे आपापल्या चहाच्या कपात पाहू लागले.

"मग मंजूर समजायचं ना?" अध्यक्षांनी विचारलं.

इतिवृत्तात तो शब्द घालणं क्लेमंटना प्रशस्त वाटेना. त्यांनी 'पुरुष सभासदांचे द्रवरूप योगदान' असा शब्दप्रयोग योजला आणि पाळ्या लावून दिल्या. आश्चर्य म्हणजे पुरुष सभासदांनी कमालीचा उत्साह दाखवला. ज्यांना वर्गणी भरायची आठवण तीन-तीनदा करावी लागते, तेही उजाडताच हजर होऊ लागले. घरी डॉक्टरांसमोर ज्या गोष्टीचं रडगाणं गायचं, तीच गोष्ट इथं क्लबाच्या कामी येत होती. एकमेकांच्या कामगिरीची चौकशी होऊ लागली. "आज कसं काय?" "ठीक. पश्चिमेची कड उरकली. तुझं?"

सर्वांत मनापासून काम केलं ते विल्फ्रेडनं. तो दुसऱ्यांच्या पाळ्याही मागून घेऊ लागला. एकदा आम्ही बाकावर बसलो असताना मला म्हणाला, "या वयात पहाटे उठावं लागतंच रे. पण उठून घरात करायचं काय? किटली तापवायची, दोन कप काढायचे, मग एक परत ठेवायचा. आता निदान उठल्याचं सार्थक होतं."

तक्रार आली ती डोरोथियाकडून. क्लबाच्या नियमावलीप्रमाणे कोणतंही काम बाई-पुरुष असा भेद करून वाटता येत नाही, याकडे तिनं भर सभेत लक्ष वेधलं.

क्लेमंट चपापले. "डोरोथिया, तुला हे... तुला यात भाग घ्यायचाय?"

"शी! मुळीच नाही."

"मग?"

"मला नकार देता आला पाहिजे. तुम्ही विचारलंच नाहीत तर नाकारू काय, कपाळ?"

मुद्दा बिनतोड होता. महिलांनाही पाळ्या लावण्यात आल्या आणि प्रत्येकीकडून लेखी नकार मागवण्यात आला. शिवाय महिलांचा सहभाग निव्वळ नकारात्मक राहू नये म्हणून सकाळी पुरुषांना भरपूर चहा पाजण्याचं काम त्यांच्याकडे देण्यात आलं. इतिवृत्तात त्याची 'योगदानाचा पूर्वटप्पा' अशी नोंद आहे. शेजारच्या घरांच्या खिडक्यांतून काही आक्षेप आले आणि एक तरुण पोलीसबाई चौकशी करून गेली, तेव्हा योगदान घरूनच झारीतून आणावं असा बदल करण्यात आला. सकाळी हॅझलडीनच्या रस्त्यांवरून झाऱ्या घेऊन चाललेली म्हातारी माणसं पाहून एका वर्तमानपत्रानं 'ज्येष्ठांमध्ये बागकामाची लाट' असं छापलं.

आणि कोल्हा यायचा थांबला.

क्लबात जल्लोष झाला. क्लेमंटनी ट्रिस्टनला अभिनंदनाचं पत्र धाडलं. पुढच्याच पंधरवड्यात हिरवळीची कड पिवळी पडली. मग तपकिरी झाली. मग तो तपकिरी पट्टा आतल्या बाजूला सरकू लागला. पाहुणे म्हणून खेळायला आलेला शेजारगावचा संघ फाटकापाशीच थबकला, त्यांच्यातल्या एकानं रुमाल काढला, आणि कोणाच्या तरी मावशीची तब्येत अचानक बिघडल्याचं सांगून सगळे एकाच गाडीतून परत गेले.

ट्रिस्टनला पुन्हा बोलावण्यात आलं.

"सीमांकन उत्तम झालंय," तो म्हणाला.

"अहो, गवत मेलं!"

"गवताविषयी तुम्ही विचारलं नव्हतं. तुमचा प्रश्न कोल्ह्याचा होता." मग त्याला आमची दया आली असावी. "हे बघा, गवतावर ताण आहे. योगदानात पाणी मिसळा. ज्यांना औषधं चालू आहेत त्यांचं योगदान घेऊ नका, औषधं गवताला मानवत नाहीत. आणि बाकीचे ताण कमी करा."

"बाकीचे कोणते?"

"तुम्ही यावर चालता. जड गोळे घरंगळवता."

"आम्ही इथं खेळतो!"

"तेच म्हणतोय मी."

सांगोपांग चर्चेअंती खेळ तात्पुरता थांबवण्याचा ठराव झाला. ठराव क्लेमंटनीच मांडला, आणि मांडताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला हे नमूद केलं पाहिजे. या क्लबात ते वडिलांचं बोट धरून आले होते. "हिरवळ आहे तर खेळ आहे," ते म्हणाले. "हिरवळच राहिली नाही तर आपण खेळणार कशावर?"

औषधांबाबत प्रत्येकाकडून निवेदन घेण्यात आलं. टेबलावर चष्म्यांशेजारी गोळ्यांच्या डब्या होत्या आणि त्या डब्यांवरच कागद ठेवून बहुतेकांनी 'कोणतेही औषध चालू नाही' असं लिहून दिलं. एवढ्या निरोगी माणसांचा क्लब साऱ्या इंग्लंडात नसेल. एकट्या विल्फ्रेडनं खरं लिहिलं: रक्तदाबाची, गुडघ्याची, झोपेची, आणि एक पिवळी, जी कशाची ते तो विसरला होता.

"म्हणजे सकाळी मी यायचं नाही?" त्यानं विचारलं.

"यायला काहीच हरकत नाही, विल्फ," क्लेमंट समजुतीनं म्हणाले. "फक्त काही करायचं नाही."

"मग बाकं पुसू?"

"बाकांना आता नवं तेलपाणी केलंय. पुसू नयेत अशी सूचना आहे."

विल्फ्रेडनं मान डोलावली आणि टोपी घातली. नंतर तो फारसा दिसेना.

हिरवळ मात्र फोफावली. जुलै अखेरीस ती अशी दिसू लागली, की तिच्यावरून वाऱ्यानंही विचारून जावं. खेळ बंद असल्यानं आम्ही खिडकीत बसून तिच्याकडे पाहत चहा घेत होतो. सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं; पण गुडघे दुखेनासे झाले, हरण्याची भानगड उरली नाही, आणि भांडणं थांबली. जिल्ह्याच्या हिरवळ स्पर्धेत आमचा पहिला क्रमांक आला. परीक्षकांनी 'वापराची एकही खूण नाही' असा खास शेरा मारला. तो शेरा चौकटीत बसवून लावलेला आहे.

ऑगस्टमधल्या एका सकाळी क्लेमंट, डोरोथिया आणि मी फाटक उघडून आत शिरलो, तर हिरवळीवर विल्फ्रेड होता. पांढरी विजार, क्लबाचा कोट. तो खेळत होता. त्याच्यापाशी गोळ्यांचे दोन संच होते. एक त्याचा, दुसरा आयव्हीचा, तिच्या आद्याक्षरांचा. आपला गोळा टाकला की चार पावलं बाजूला सरकून तो तिचा टाकायचा. हिरवळीच्या कडेला, आमच्या सीमांकनाच्या बरोबर वर, तो कोल्हा पुढच्या पायांवर हनुवटी टेकून बघत पडला होता.

"विल्फ!" क्लेमंट ओरडले.

"श्श! आता तिचा डाव आहे," विल्फ्रेड म्हणाला. गोळा घरंगळत गेला आणि पांढऱ्या गोळ्याला अलगद टेकला. विल्फ्रेड हसला. "बघ. अजून हरवते मला."

डोरोथियाच्या तोंडून "वा!" निघून गेलं. क्लेमंटनी तिच्याकडे पाहिलं. कोल्हा उठला, आळस दिला आणि कुंपणाखालून निघून गेला.

गवताला तसं काही झालं नव्हतं. पण दवावर विल्फ्रेडच्या पावलांच्या आणि गोळ्यांच्या रेघा स्पष्ट उमटल्या होत्या. ऊन वर आलं की दव जाणार आणि त्याबरोबर पुरावाही, हे ओळखून क्लेमंटनी घाईघाईनं फोटो काढले. आरोपपत्रात 'दवाची हानी' असं कलम आहे.

प्रकरण कोणापुढे चालवायचं हा पेच होता. शिस्तपालन समितीचे सर्व सदस्य एव्हाना वारले होते. चालू स्थितीत असलेली एकच उपसमिती होती, आणि तिच्या अधिकारकक्षेत हिरवळीचं नुकसान करणारा कोणीही येत होता. त्यामुळे श्री. गास्किन यांची सुनावणी कोल्हा व तत्सम इतर प्राणी प्रतिबंधक उपसमितीपुढे झाली. सर्व सभासद उपस्थित होते. बाहेर पाऊस होता, आत बिस्किटं होती.

"श्री. गास्किन," क्लेमंटनी विचारलं. त्यांनी त्याला आडनावानं हाक मारण्याची ही पहिलीच वेळ. "फाटकाला कुलूप होतं. आपण आत कसे आलात?"

"कुंपणाखालून. पूर्वेला मोकळी जागा आहे ना, तिथून."

"ती जागा कोणी केली?"

"कोल्ह्यानं. मी जरा रुंद केली. पोटाला अडकत होती."

क्लेमंटनी चष्मा काढला. "म्हणजे ज्या मार्गानं कोल्हा येतो त्याच मार्गानं, त्याच वेळी, आणि त्याच्याच सोबत आपण आलात. उपसमितीपुढे आता व्याख्येची अडचण उरलेली नाही."

ट्रिस्टननं आपलं तज्ज्ञमत पत्रानं कळवलं होतं. श्री. गास्किन यांना बारमाही सर्दी असल्यानं त्यांच्यावर वासाचा उपाय लागू पडणार नाही. पूर्वेची मोकळी जागा बुजवावी आणि त्यांना अन्यत्र अधिवास उपलब्ध करून द्यावा, अशी त्याची शिफारस होती. त्यानुसार सभासदत्व रद्द करण्याचा ठराव मांडण्यात आला.

"आपल्याला काही म्हणायचंय?" क्लेमंटनी विचारलं.

विल्फ्रेड उभा राहिला. त्याला वेळ लागला. "एवढंच विचारायचं होतं," तो म्हणाला, "की आपण परत खेळणार कधी?"

कोणी एका बिस्किटाचा तुकडा मोडला, तो साऱ्या खोलीत ऐकू आला. डोरोथियानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. हिरवळ पावसात चमकत होती.

बोलणं थांबलेलं अध्यक्षांना दिसलं. "मग मंजूर समजायचं ना?"

आम्ही हात वर केले.

विल्फ्रेडनं दोन्ही गोळ्यांच्या पिशव्या उचलल्या. एक जड झाली म्हणून दारापर्यंत ती क्लेमंटनीच नेऊन दिली, आणि "सांभाळून जा रे, पायऱ्या ओल्या आहेत," असंही सांगितलं. क्लेमंट माणूस वाईट नाही.

विल्फ्रेड आता कालव्याकाठच्या पडीक मैदानात खेळतो असं ऐकतो. तिथली जमीन इतकी उंचसखल आहे, की कोणाचा गोळा कुठं जाईल सांगता येत नाही. म्हणे कुत्री फिरवायला येणारी मंडळीही हल्ली खेळायला थांबतात. कोल्हा दिसतो की नाही, ठाऊक नाही. डोरोथिया दर गुरुवारी दाताच्या डॉक्टरकडे जाते. तिच्या तोंडात संपूर्ण कवळी आहे, पण आम्ही विचारत नाही. ती परत येते तेव्हा तिच्या गुडघ्यांना चिखल असतो आणि गाल लाल झालेले असतात.

पारितोषिकानंतर सभासदत्वासाठी अर्जांची रीघ लागली आहे. मुलाखती मीच घेतो. उमेदवाराला गास्किन प्रकरण सविस्तर सांगावं असं धोरण आहे, काहीही न लपवता, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. मग मी विचारतो, "त्या दिवशी आपण सभेत असता तर?" अजून असा एकही उमेदवार भेटलेला नाही, ज्यानं "मी एकट्यानं विरोधात हात वर केला असता" असं ठणकावून सांगितलं नाही. काही जण टेबलावर मूठ आपटतात. एका बाईंनी तर आमच्या नावानं बोटं मोडली. अशा सगळ्यांना आम्ही विनाविलंब प्रवेश देतो. आजवर एकाच्याही बाबतीत आम्हाला पश्चात्ताप झालेला नाही.

तुमच्याही चेहऱ्यावर तो संताप मला दिसतो आहे. अर्ज भरून ठेवला आहे, सही तेवढी करा. खिडकीजवळची खुर्ची हवी असेल तर मात्र आत्ताच सांगा. आत आल्यावर सगळे तीच मागतात.